वृद्धांच्या कानाचे मोल कोणी द्यावे?

मनुष्याचे डोळे अधू झाले म्हणजे घरातील सर्वांस त्याची कीव येते. परंतु त्याचे कान गेले म्हणजे घरास त्याचा त्रास वाटू लागतो. आंधळ्या आजीचा हात धरून तिला उपासनेस आणावयास नातू आनंदाने पुढे होतो. पण बहिऱ्या आजोबांस एकच गोष्ट तीन वेळा सांगण्याचा प्रसंग आला की तोच नातू कपाळास आठ्या घालितो. दोन्ही व्यंगे शरीराचीच, आणि दोन्ही देवाच्या दृष्टीपुढे सारखीच. मग आमच्या वागणुकीत हा भेद का पडावा? पैशाची गोष्ट निघाली म्हणजे तर तो अधिकच उघड होतो. मोतीबिंदू काढावयाचा असेल तर घरात कोणी नाही म्हणत नाही. श्रवणयंत्र घ्यावयाचे असेल तर मात्र, "आता ह्या वयात कशाला?" असे एकजण म्हणतो, दुसरा मान डोलवितो, आणि ती गोष्ट तेथेच राहते.

ज्याचे काम सुटले, ज्याची मिळकत थांबली, अशा वृद्ध मनुष्याच्या कानाचा व औषधपाण्याचा खर्च कोणी करावा? त्याने स्वतः करावा, की मुलांनी, की मंडळीने, की सरकारने? आणि जो कोणी तो करील तो दयाधर्म करितो की देणे फेडितो? ह्या प्रश्नाचा आज आम्ही विचार करणार आहो. कारण आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत पांढऱ्या केसांची डोकी वाढत आहेत, आणि त्यांपैकी कितीएक जण दर रविवारी देवाच्या घरात बसून काहीच न ऐकता घरी जात आहेत.

प्रथम हे व्यंग कसे आहे ते नीट समजून घेतले पाहिजे. म्हातारपणी कान बहुधा एकाएकी जात नाहीत. कानाच्या आत शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यात केसांसारख्या अतिसूक्ष्म पेशी असतात. वयोमानाने त्या झिजतात, आणि एकदा नाहीशा झाल्या म्हणजे पुन्हा उत्पन्न होत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणून स, श, फ अशी व्यंजने बुडतात आणि स्वर तेवढे कानी पडतात. 'साठ' म्हटले ते 'आठ' असे ऐकू येते. वृद्ध म्हणतो, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." घरची माणसे म्हणतात, "आबांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते." वाचकहो, हा आरोप अन्यायाचा आहे. आबा ढोंग करीत नाहीत. त्यांच्यापर्यंत अर्धाच शब्द पोहोचत आहे.

हे दुःख थोड्याथोडक्यांचे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे सांगितले आहे की, जगात 150 कोटींहून अधिक लोकांस कमीअधिक प्रमाणात ऐकू कमी येते. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाने नेमिलेल्या विद्वानांच्या मंडळाने 2017, 2020 व 2024 ह्या तिन्ही अहवालांत, म्हातारपणी बुद्धी व स्मरण ढासळण्याची जी कारणे टाळता येण्याजोगी आहेत त्यांत बहिरेपण गणिले आहे. बहिऱ्या प्रत्येकाची स्मृती जाते असा ह्याचा अर्थ नव्हे. परंतु ज्याच्याशी कोणी बोलत नाही त्याचे मन हळूहळू मिटत जाते, हे कोणत्याही घरात डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्यास दिसेल.

खेड्यात ह्याचे परिणाम फार दूरवर जातात. डॉक्टरांनी गोळी दिवसातून किती वेळा घ्यावयास सांगितली ते चुकीचे ऐकले जाते. तलाठ्याच्या कार्यालयात किंवा बँकेत कागद वाचून दाखवितात, म्हातारा मान हलवितो आणि अंगठा देतो; आपण कशावर अंगठा दिला हे त्यास पुढे कळते, किंवा कधीच कळत नाही. जमिनीच्या वाटणीची बोलणी त्याच्यासमोर होतात, पण त्याच्याशी होत नाहीत. मग तो संशयी होतो. चार माणसे हसली की आपल्यालाच हसली असे त्यास वाटते. शेवटी तो ओट्यावर एकटा बसू लागतो, आणि लोक म्हणतात, "म्हातारा आता शांत झाला." ती शांती नव्हे, तो एकांतवास आहे, आणि तो त्याने मागितलेला नाही.

आता मदतीच्या वाटा पाहू. सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे होईल. आयुष्मान भारत योजना 2018 साली सुरू झाली, आणि 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास, त्याची मिळकत कितीही असो, तिचा लाभ खुला झाला. तिच्यात एका वर्षात एका कुटुंबास 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. हे मोठे उपकारक काम आहे, आणि ज्या वृद्धाने अद्यापि आपले कार्ड काढले नसेल त्याने ते अवश्य काढावे. परंतु एक गोष्ट नीट ध्यानात ठेविली पाहिजे. ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. घरी राहून घेतलेले रोजचे औषध, चष्मा, कानाचे यंत्र ह्यांचा खर्च तिच्यातून मिळत नाही. खाजगी विम्याच्या बहुतेक करारांतही श्रवणयंत्र वगळलेलेच असते. म्हणजे पाय मोडला तर लाखांची तजवीज आहे; कान गेला तर काही हजारांची नाही.

असे का व्हावे? आम्हांस वाटते, ह्याच्या मुळाशी एक विचार आहे, आणि तो केवळ आमच्याच देशाचा नव्हे. ज्या अमेरिकेतून 1813 साली मुंबईस मिशनरी आले त्या धनाढ्य देशात वृद्धांच्या औषधोपचारासाठी 1965 साली 'मेडिकेअर' नावाचा कायदा झाला. आणि त्या कायद्यातच श्रवणयंत्राचा खर्च वगळण्यात आला. ते वगळणे दूर करावे म्हणून 2021 साली तेथील विधिमंडळात खटपट झाली, पण ती सिद्धीस गेली नाही. 2022 साली तेथे एवढे झाले की, साधारण बहिरेपणाची यंत्रे वैद्याच्या चिठ्ठीवाचून दुकानात विकत मिळू लागली. ह्याच्या उलट ब्रिटनचे उदाहरण घ्या. महायुद्धाने तो देश कर्जबाजारी झाला होता, अन्नवस्त्रही मोजूनमापून मिळत होते. तरी 1948 साली तेथे सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा पहिल्याच वर्षापासून श्रवणयंत्र विनामूल्य देण्यात आले. श्रीमंत देशाने नाही म्हटले, आणि ओढगस्तीच्या देशाने होय म्हटले. ह्यावरून हे सिद्ध होते की, हा प्रश्न निव्वळ पैशाचा नाही. ऐकणे ही मनुष्याची गरज मानावयाची की चैन मानावयाची, हे आधी ठरते. पैसा त्याच्या मागून चालतो.

जे राष्ट्रांचे तेच घरांचे. म्हणून आता आपण आपल्या घरात येऊ. आणि प्रथम स्वतः वृद्धाचे म्हणणे ऐकू, कारण त्याचे म्हणणे ऐकण्याची सवय आम्हांस फारशी राहिलेली नाही.

वृद्ध बहुधा म्हणतो, "माझ्यावर खर्च करू नका. माझे दिवस भरत आले. पोरांच्या शाळेस लावा." असे बोलणारा मनुष्य पवित्र शास्त्रातही आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात बर्जिल्लय गिलादी ह्याची कथा आली आहे. दावीद राजा अबशालोमापुढून पळून गेला तेव्हा ह्या मनुष्याने त्यास व त्याच्या लोकांस अन्न पुरविले होते. राजा परत फिरला तेव्हा त्याने बर्जिल्लयास आपल्याबरोबर यरुशलेमेस येऊन राहण्यास सांगितले. बर्जिल्लय ऐंशी वर्षांचा होता. त्याने उत्तर दिले ते असे की, आता अन्नाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, मग राजास आपला भार कशाला? आपल्याऐवजी किम्हामास न्यावे. आमच्या घराघरांतील आजोबा आज हेच बोलत आहेत. केवळ किम्हामाच्या ठिकाणी नातवाचे नाव असते.

पण पुढे काय झाले ते पाहा. दावीदाने त्या वृद्धाच्या शब्दाचा मान राखिला, त्याचे चुंबन घेतले, त्यास आशीर्वाद दिला आणि किम्हामास बरोबर नेले. तथापि, "त्याने नको म्हटले, म्हणजे माझे देणे फिटले," असे दावीदाने मानिले नाही. आपल्या मरणसमयी, राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, तो शलमोनास बर्जिल्लयाच्या पुत्रांविषयी बजावून सांगतो की, त्यांस आपल्या पंक्तीस जेववावे. घेणाऱ्याने संकोचाने हात मागे घेतला म्हणून देणाऱ्याचे ऋण संपत नाही, हा ह्या कथेचा बोध आहे. आबांनी "नको" म्हटले हा त्यांचा विनय होय. मुलांनी तो विनय पावतीसारखा पेटीत ठेवून देऊ नये.

वृद्धांनाही आम्ही आदरपूर्वक विचारितो: आपण नको म्हणता ते खरोखर नातवासाठीच की त्यात थोडा अभिमान मिसळला आहे? कानात यंत्र घातले तर लोक बहिरा म्हणतील ही लाज तर त्यामागे नाही ना? लोक तसे आताही म्हणतच आहेत. आणि आपण न ऐकल्यामुळे जो भार पडतो तो सुनेवर पडतो, लेकीवर पडतो. दिवसभर ओरडून बोलण्याचा शीण त्यांस होतो. ज्याने दुसऱ्यावर भार पडू नये म्हणून नको म्हटले, त्याच्या नको म्हणण्यानेच भार वाढला, असे होऊ नये.

आता मुलांकडे वळू. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने परूशी व शास्त्री ह्यांस एका गोष्टीविषयी कठोर दोष दिला आहे. आईबापांस ज्या द्रव्याने साहाय्य व्हावयाचे ते 'कुर्बान', म्हणजे देवास अर्पिलेले, असे म्हणून पुत्र मोकळा होत असे, आणि धर्माचे पुढारी त्यास तशी मोकळीक देत असत. देवाच्या नावाचे पांघरूण घालून आईबापांचे देणे बुडविण्याची ती रीत होती. आज आमच्या मंडळ्यांत तो शब्द कोणी उच्चारीत नाही. पण ती गोष्ट नाहीशी झाली आहे काय? मंदिराच्या नव्या फरशीसाठी मुलाने मोठी रक्कम दिली, त्याचे नाव पाटीवर लागले, टाळ्या वाजल्या; आणि त्याचा बाप शेवटच्या बाकावर बसून त्या टाळ्याही ऐकू न शकला, असे होत असेल तर ते कुर्बानच होय. देवाने असे दान मागितलेले नाही.

येथे कोणी प्रामाणिक मनुष्य म्हणेल, "पाळकसाहेब, आम्ही फरशीला पैसे देणारे नव्हो. आम्ही मोलमजुरी करणारे. एका हाती मुलीची शाळेची फी, दुसऱ्या हाती आईच्या कानाचे यंत्र. दोन्ही होत नाहीत. आम्ही काय करावे?" ह्या प्रश्नास सोपे उत्तर नाही, आणि जो सोपे उत्तर देईल त्याने गरिबी पाहिलेली नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, निवड करिताना आईचे किती दिवस उरले हे माप वापरू नये. ताटात भाकरी वाढताना म्हातारीचे किती दिवस राहिले असे कोणी विचारीत नाही. मग तिच्याशी दोन शब्द बोलण्यासाठीच ते माप का काढावे? मुलीची फी मोडू नये. तथापि लग्नातील मांडव लहान करिता येतो, नवा मोबाइल वर्षभर थांबू शकतो, बारशाची पंगत आटोपशीर होऊ शकते. आणि इतके करूनही जेथे खरोखरच हाती काही उरत नाही, तेथे त्या घराचा दोष नाही. तेथे मंडळीचे देणे सुरू होते.

हा क्रम आमचा नव्हे. पौलाने तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात विधवांच्या पोषणाविषयी जे सांगितले आहे त्यात हाच क्रम आहे. प्रथम मुलानातवंडांनी आपल्या वडील माणसांचे उपकार फेडावे. पौल येथे फेडण्याचीच भाषा वापरितो, भिक्षेची नव्हे. मग ज्यांना कोणी नाही त्यांचा भार मंडळीने वाहावा. ज्यांना घर आहे त्यांनी मंडळीवर भार टाकू नये, तो एवढ्यासाठी की, जे खरोखर निराधार आहेत त्यांस मंडळीने पुरे पडावे. आपल्या देशाचा कायदाही आता तेच बोलतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहासंबंधी 2007 साली जो कायदा झाला त्यात निर्वाह ह्या शब्दात अन्न, वस्त्र व निवारा ह्यांबरोबर वैद्यकीय उपचारही धरिला आहे, आणि त्याप्रमाणे मुलांस दरमहा 10,000 रुपयांपर्यंत देण्यास भाग पाडिता येते. ख्रिस्ती घरातील बापास प्रांताच्या कचेरीची पायरी चढावी लागू नये अशी आमची प्रार्थना आहे. परंतु जगाच्या कायद्याने ज्यास देणे म्हटले त्यास आम्ही दया म्हणून मिरवू नये.

मंडळीविषयी आम्ही थोडे स्पष्ट बोलणार आहो. पुष्कळ ठिकाणी वृद्धांस ऐकू येत नाही अशी तक्रार आली म्हणजे पंच मोठा ध्वनिक्षेपक विकत घेतात. त्याने तरुणांचे कान दुखतात, वृद्धांस शब्द मात्र कळत नाहीत. कारण त्यांस आवाज कमी पडत नाही, शब्द अस्पष्ट पडतो, आणि पत्र्याखालच्या घुमणाऱ्या आवाजात तो अधिकच अस्पष्ट होतो. त्याच पैशात कदाचित दोघातिघांच्या कानांची सोय झाली असती. पन्नास घरांच्या मंडळीने दर घरी महिन्यास 20 रुपये काढिले तर महिन्यास 1,000 आणि वर्षास 12,000 रुपये होतात. साधे यंत्र काही हजारांत मिळते. भारी यंत्रे लाखाच्या वरही जातात, पण ज्याने काम भागेल ते पुरे आहे. स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य प्रभूच्या नावाने बाजूस काढून ठेवण्याची रीत आमच्या आयाबायांस ठाऊक आहे. त्या मुठीतून पुष्कळ कामे उभी राहिली आहेत. हेही राहील.

मंडळीचे एक देणे तर अगदी जवळचे आहे. ज्या उपदेशकांनी, शाळामास्तरांनी व बायबलबाईंनी तीस-चाळीस वर्षे पायी फिरून आम्हांस वचन ऐकविले, त्यांतील पुष्कळांच्या हाती निवृत्तीच्या वेळी फारच थोडे पडले. साखर कारखान्यात वा रुग्णालयात नोकरी केलेल्यांस कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून 2014 साली किमान 1,000 रुपये दरमहा ठरविण्यात आले; कितीएक उपदेशकांस तेवढेही नाही. मजुरांची मजुरी अडवून ठेवणाऱ्यांविषयी याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात जे लिहिले आहे ते आपण दुसऱ्यांविषयी वाचतो. ते स्वतःविषयीही वाचावे. ज्यांच्या मुखाने आम्ही ऐकिले, त्यांच्या कानांविषयी आम्ही बेफिकीर राहावे हे शोभत नाही.

येथे एका गैरसमजाचे निवारण केले पाहिजे. विश्वासाचा संबंध ऐकण्याशी आहे असे पौल रोमकरांस लिहितो. त्यावरून कोणी असे समजू नये की, बहिऱ्याचा विश्वास उणा असतो. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडास गेल्या त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने. परंतु त्यांच्या वाढत्या बहिरेपणामुळे ती वाट बंद झाली. त्याच बाईंनी पुढे केडगावी मुक्तिसदन उभारले, शेकडो विधवा व अनाथ मुली जगविल्या, आणि इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून अवघ्या बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. 1922 साली देवाघरी जाईपर्यंत त्या त्या कामास चिकटून होत्या. देवाला कानांची अडचण पडत नाही. अडचण पडते ती आम्हा माणसांच्या एकमेकांशी असलेल्या संगतीत. आणि ती संगती राखणे आमच्याकडे सोपविले आहे. बहिऱ्यास शिव्याशाप देऊ नये अशी आज्ञा लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. ज्यास ऐकू येत नाही त्याच्या पाठीमागे काहीही बोलता येते. म्हणूनच त्या आज्ञेत देवाचे भय धरण्यास सांगितले आहे. तो ऐकत नसला तरी ऐकणारा एक आहे.

उपदेशक बंधूंच्या उपयोगासाठी काही गोष्टी येथे मांडितो.

पहिली ही की, ऐकू कमी येऊ लागले म्हणजे प्रथम डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावा. कित्येकदा मळ साचल्यानेच ऐकू येत नाही, आणि तो काढताच काम भागते. जिल्हा रुग्णालयात कान, नाक व घसा ह्यांचा विभाग असतो; मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 सालापासून ह्याच कामासाठी आहे. जत्रेत वा घरोघर फिरून तपासणीवाचून यंत्र विकणाऱ्यांपासून दूर राहावे. मापाबाहेर मोठा आवाज कानात सोडल्याने उरलेले ऐकणेही बिघडते.

दुसरी ही की, सरकारी साहाय्याची चौकशी करावी, आणि त्यात लाज मानू नये. 2017 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठीवरील गरीब वृद्धांस काठी, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र अशी साधने शिबिरांतून विनामूल्य देण्यात आली. महाराष्ट्र सरकारने 2024 साली मुख्यमंत्री वयोश्री योजना काढिली; तिच्यात पासष्ट वर्षांवरील व वर्षास 2 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या वृद्धास अशा साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये बँकेच्या खात्यात देण्याचे ठरले. समाजकल्याण कार्यालयात जाऊन अर्ज कधी व कसा करावयाचा ते विचारावे. वृद्धास एकट्याने पाठवू नये. खिडकीपलीकडचा कारकून काय बोलतो ते ऐकू न आल्यामुळेच पुष्कळ जण रिकाम्या हातांनी परत येतात.

तिसरी ही की, यंत्र मिळाले म्हणजे काम संपले असे समजू नये. बॅटरी लागते, सफाई लागते, पावसाळ्यात ओल लागू न देण्याची काळजी लागते. आरंभी भांड्यांचा, पंख्याचा, पावलांचा आवाज सर्व एकदम कानावर आदळतो आणि म्हातारा यंत्र काढून फळीवर ठेवितो. कान व मन ह्यांस सवय होण्यास काही आठवडे लागतात. त्या दिवसांत रोज थोडा वेळ त्याच्यासमोर बसून, आपले तोंड त्यास दिसेल अशा उजेडात, सावकाश बोलावे. ओरडू नये. ह्या कामास एक पैसाही लागत नाही, आणि ह्याच्यावाचून हजारोंचे यंत्रही फुकट जाते.

चौथी गोष्ट अद्यापि कामावर असलेल्यांसाठी. म्हातारपण अचानक येत नाही. आम्हीच ते येत नाही असे धरून चालतो. विमा घ्यावयाचा तो अंगात बळ आहे तोच घ्यावा; पूर्वीपासून असलेल्या आजारास तो लागू होण्यासाठी बहुधा काही काळ थांबावे लागते, आणि 2024 सालच्या नियमाप्रमाणे ही मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते. करारात काय येते आणि काय वगळिले आहे हे जाणत्या मनुष्याकडून वाचून घ्यावे. रुग्णालयाची तजवीज झाली तरी चष्मा, दात व कान ह्यांसाठी थोडी शिल्लक निराळी ठेवावी. मुंगीकडे जाऊन शहाणपण शिकण्याचा नीतिसूत्रांतील उपदेश आळशासाठी आहे, तसाच तो कष्टाळूसाठीही आहे.

मार्काच्या ज्या सातव्या अध्यायात कुर्बानाची गोष्ट आहे, त्याच अध्यायाच्या शेवटी दकापलीस प्रांतातील बहिऱ्या मनुष्यास प्रभूने बरे केल्याची गोष्ट आहे. आईबापांचे देणे बुडविणाऱ्यांस दोष देणारा आणि बहिऱ्याच्या कानात स्वतःची बोटे घालणारा प्रभू एकच आहे. दोन्ही गोष्टी एकाच पानावर वाचाव्यात. आणि त्या दुसऱ्या गोष्टीत एक शब्द सहज नजरेआड होतो. तो मनुष्य आपण होऊन आला नाही. लोकांनी त्यास आणिले. येशू ह्या वाटेने येत आहे ही बातमी त्याच्या कानी पडलीच नसती. ज्यांनी ती ऐकिली होती त्यांनी त्याचा हात धरिला व त्याच्यासाठी विनंती केली. त्यांची नावे शुभवर्तमानात दिलेली नाहीत. पुढल्या रविवारी शेवटच्या बाकावर कोण बसतो ते आपण पाहावे, आणि उपासना संपल्यावर त्याच्यापाशी जावे.